नायिकेच्या मागची जमीन

जुना सिनेमा घरी बसून पाहण्याची प्रत्येक गावाची आपली रीत आहे. पुण्यात तो सगळ्यांनी आधीच पाहिलेला असतो. इतरांना तो नीट कळलेला नाही, एवढंच आता सिद्ध करायचं असतं. कोल्हापुरात घरातलं कुणीतरी चित्रीकरणाच्या वेळी गर्दीत उभं होतं, त्याला शोधायचं असतं. मुंबईकर पाहायच्या सिनेमांची यादी करतो आणि लोकलमध्ये झोपतो. आम्ही पनवेलकर जमीन पाहतो.

म्हणजे असं, की पडद्यावर नायिका माळावरून धावत येते. पदर वाऱ्यावर, व्हायोलिनं जोरात, नायक हात पसरून उभा. आणि आमच्या दिवाणखान्यात कुणीतरी विचारतं, ‘‘हे एनए झालेलं असेल का?’’

यावर कुणी हसत नाही. उलट दोघंजण पुढे सरकून बसतात. माळाला रस्ता लागून आहे का, पाण्याचा उतार कुठे, वरून विजेची मोठी तार गेली आहे का, हे बघितलं जातं. तोवर पुढे नायिकेने नायकाला मिठी मारलेली असते, पण ती पूर्ण दिसत नाही, कारण मेहुण्याने चित्र थांबवून तिच्या डाव्या कानामागची टेकडी मोठी केलेली असते.

आम्हाला नावं ठेवण्याआधी आमचा इतिहास बघा. १९७० साली सिडको आली आणि आमच्या भातखाचरांचे नकाशे कुणीतरी दुसऱ्याच रंगात रंगवले. १९९८ साली हार्बरची लोकल आली. २०१६ साली महापालिका आली. २०२५च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी विमानं उडायलाही लागली. जिथे म्हशी डुंबत होत्या तिथे धावपट्टी आली, हे ज्याने एका आयुष्यात पाहिलं, तो मोकळ्या रानाकडे निसर्ग म्हणून कसा बघणार? पनवेलच्या लग्नात मुलगा काय करतो हे मागाहून विचारतात.

आमच्या घरच्या परीक्षक मंडळाची ओळख करून देतो. अध्यक्षस्थानी सासरे, म्हणजे अण्णा. तलाठी म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी वाचलेला सर्वांत थरारक मजकूर म्हणजे फेरफार नोंदी. मेहुणा एजंट आहे. कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ छापलंय, पण बाजारात त्याला एजंटच म्हणतात आणि घरात त्याहून कमी. आई सोफ्याच्या टोकाला बसते. कुठलाही कलाकार पडद्यावर आला की ‘‘हा गेला’’ किंवा ‘‘ही पण गेली’’ एवढी नोंद ती करते. अशोक सराफ आले की मात्र तिचा चेहरा उजळतो. ‘‘हे आहेत हो!’’ मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून असते, पण कान इकडे. शेजारचे काका जेवून येतात. त्यांची वडिलोपार्जित शेती सिडकोत गेली. आणि बायको. तिला खरोखर सिनेमा पाहायचा असतो, त्यामुळे तिचं कुणी ऐकत नाही.

सुरुवात ‘श्री ४२०’ने झाली. १९५५चा सिनेमा, राज कपूर आणि नर्गिस. ‘‘गेली,’’ आई म्हणाली. अलाहाबादहून मुंबईला आलेला सज्जन पोरगा हळूहळू लबाडांच्या पंगतीला बसतो, आणि पुढे सेठ सोनाचंद धर्मानंदाबरोबर गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याची योजना निघते. लोक पोटाला चिमटा घेऊन शंभराची नोट आणून देतात. घर अर्थातच कुठे नसतं.

एरवी या प्रसंगाला लोक हळहळत असतील. मेहुणा ताठ बसला.

‘‘भावजी, ही तर प्री-लाँच ऑफर!’’ त्याचा आवाज भक्तीने भिजला होता. ‘‘ब्रोशर नाही, सँपल फ्लॅट नाही, मॉड्युलर किचन फुकट नाही. नुसतं भाषण. आणि बुकिंग फुल्ल! आम्ही आज सोन्याचं नाणं देतो तरी माणूस म्हणतो, बायकोला विचारून सांगतो.’’

अण्णांनी मात्र सिनेमा मागे न्यायला लावला. त्या भाषणात सर्व्हे नंबर कुठे उच्चारला आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. नव्हता. ‘‘मग शंभर रुपये देणाऱ्यांची चूक,’’ त्यांनी निकाल दिला. त्यांच्या लेखी सिनेमा तिथे संपला.

माझं मत विचाराल तर उत्तरार्ध फार उपदेशाचा आहे, शेवटी राज कपूर बोलतच राहतो. पण ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे या लेखकांनी १९५५ सालीच ओळखलं होतं की भाकरीच्या आशेपेक्षा छपराची आशा जास्त लवकर विकली जाते. आमच्या स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारी पोरं या दोघांच्या नावाने एखादा नारळ फोडतील तर ते गैर होणार नाही.

‘घरोंदा’ आम्ही पुरता पाहू शकलो नाही. १९७७चा भीमसेन यांचा सिनेमा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब ही ऑफिसात काम करणारी जोडी पैसे जमवून फ्लॅट बुक करते आणि बिल्डर बुडवतो. इथपर्यंत आमच्याकडे कमालीची शांतता होती. कारण आमच्याही एका फ्लॅटचा ताबा ‘येत्या दिवाळीत’ आहे, कुठल्या दिवाळीत ते सांगितलेलं नाही. मुलीने मोबाइलमधून डोकं काढून विचारलं, ‘‘यांनी रेरा नंबर बघितला नव्हता का?’’ तिला सांगितलं, रेरा महाराष्ट्रात २०१७ साली लागू झाला, म्हणजे बरोबर चाळीस वर्षं उशिरा. त्यावर अण्णा कडाडले, ‘‘पण मोफा होता! १९६३चा कायदा! करारनामा केल्याशिवाय पैसे दिलेच कसे?’’ आणि ते अमोल पालेकरवर एवढे चिडले, की पुढे श्रीराम लागूंचा आजारी श्रीमंत साहेब, प्रेयसीलाच त्याच्याशी लग्न करायला सुचवणारा प्रियकर, हे सगळं त्यांना करारनामा न केल्याची रास्त शिक्षा वाटली. बायको तेवढी डोळे पुसत होती. नंतर कळलं, तीही फ्लॅटसाठीच.

मग हलकं काहीतरी लावू या म्हणून ‘लाखाची गोष्ट’ लावला. राजा परांजपे, राजा गोसावी, लेखणी गदिमांची, साल १९५२. कफल्लक तरुणांना महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे आहेत आणि ते काही केल्या संपत नाहीत, हा त्यातला विनोद. आमच्याकडे तो चढला नाही. मेहुण्याला पहिल्या दहा मिनिटांतच उपाय सुचला. ‘‘रजिस्ट्रेशन फीचेच तीस हजार. स्टँप ड्युटीचं नावच काढू नका. दुपारच्या जेवणाआधी लाख संपवून देतो, वर माझं दोन टक्के.’’ ज्या काळात लाख रुपये संपत नव्हते, त्या काळावर आमच्या घरी आता परीकथेइतकाच विश्वास बसतो.

खरा कस लागला तो ‘अशी ही बनवाबनवी’ला.

हा सिनेमा महाराष्ट्रात कुणी नव्याने पाहत नाही, लोक तो म्हणतात. पात्राच्या आधी आपण संवाद म्हणायचा आणि मग पात्राने तो बरोबर म्हटला का बघायचं. १९८८पासून हे चाललं आहे. पण इतकी वर्षं पाठ असूनही आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की हा मुळात भाडेकरूंचा सिनेमा आहे. अशोक सराफांचा धनंजय माने विश्वासराव सरपोतदारांकडे भाड्याने राहतो. त्याच्याकडे भाऊ, मित्र येऊन राहायला लागतात. मालक हाकलतो. पुढची जागा लीलाबाई काळभोर यांची. त्यांची अट, राहील तर जोडपंच राहील. म्हणून लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती होते आणि सचिनची सुधा. बाकी प्रेम, गाणी, गोंधळ, सगळं त्या एका अटीवर उभं आहे. ज्या हिंदी सिनेमावरून तो बेतला, त्या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या चित्रपटाचं तर नावच ‘बीवी और मकान’. त्यांनी नावातच सगळं सांगून टाकलं होतं.

‘‘काही बदललेलं नाही,’’ मेहुणा हळहळला. कामोठ्यात, खांदा कॉलनीत, नवीन पनवेलमध्ये, कुठल्याही सोसायटीच्या फाटकावर आज उभं राहा. ‘फॅमिलीलाच देणार’ ही लीलाबाईंची अट वॉचमनलासुद्धा पाठ आहे. इंजिनियरिंगची चार पोरं जागा शोधत येतात, तेव्हा मेहुण्याच्या मनात प्रत्येक वेळी बनवाबनवीच येते. पण आता आधार कार्ड लागतं, पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, करार ऑनलाइन नोंदवावा लागतो, त्यात फोटो आणि अंगठा. ‘‘पार्वतीचा अंगठा घेतला असता तर सिनेमा मध्यंतराच्याही आत संपला असता.’’

अण्णा सरपोतदारांच्या बाजूने उभे राहिले. सगळ्या महाराष्ट्राने ज्या म्हाताऱ्याला हसून घेतलं, त्या सुधीर जोशींच्या सरपोतदारांना आमच्या घरी प्रथमच न्याय मिळाला. ‘‘एकाला दिलेली खोली. त्यात न विचारता माणसं आणतो, वर मालकाला औषधाची थाप मारून पैसे लाटतो. हा नायक? बेकायदा पोटभाडेकरू ठेवल्याबद्दल जागा खाली करून घेण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.’’

‘‘अहो, पण तो बिचारा आहे!’’ आई म्हणाली. अशोक सराफांवर कुणी बोललेलं तिला चालत नाही.

‘‘बिचारा आहे म्हणूनच ताबा सोडत नाही,’’ अण्णा म्हणाले. त्यांच्या सेवेत बिचाऱ्यांच्या फायली सर्वांत जाड असत.

माझं विचाराल तर या सिनेमाइतकं घरटंचाईवर नेमकं बोट ठेवणारं मराठीत फार थोडं आहे. जागेसाठी माणूस काय काय होऊ शकतो? बाई होऊ शकतो. गंभीर लेखकाने हे लिहिलं असतं तर त्यावर परिसंवाद झाले असते. बनवाबनवीवर आपण वर्षानुवर्षं नुसते हसतो, आणि उठून महिन्याचा हप्ता भरतो.

‘बॉम्बे टू गोवा’बद्दल आमची तक्रार वेगळी आहे. १९७२चा सिनेमा, मेहमूद कंडक्टर, अन्वर अली ड्रायव्हर, ‘जंजीर’ मिळायच्या आधीचा अमिताभ. आता मुंबईहून गोव्याला जाणारी बस म्हणजे पनवेलवरून जाणार, पळस्पे फाट्याला वळणार. त्यामुळे आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून, ‘‘आता येईल, आता येईल’’ करत बसलो. मुंबई सुटली. गाणं झालं. भज्यांसाठी आकांत करणाऱ्या त्या पोराचं तोंड बांधून झालं. पण पनवेल काही आलंच नाही.

‘‘एवढी माणसं घेऊन चाललेत आणि चहालासुद्धा थांबत नाहीत?’’ आईला खरंच वाईट वाटलं.

हा सिनेमा ‘मद्रास टु पाँडिचेरी’ या १९६६च्या तमिळ सिनेमावरून उचललेला, तेव्हा त्यांना आमचा फाटा माहीत नसणार, अशी मी समजूत घातली. काकांनी त्याला जोड दिली. ‘‘बरं झालं तेव्हाच गेले. आता निघाले असते तर पोर भजी मागतामागता लग्नाचं झालं असतं.’’ पनवेल-इंदापूर रस्ता चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. त्या कामावरही एक सिनेमा व्हायला हरकत नाही, फक्त तो संपवायचा कसा हा प्रश्न आहे.

‘दो बीघा जमीन’ कुणी सुचवला ते आठवत नाही. नाव ऐकून मेहुणा आपणहून लवकर आला, हे मात्र खरं. बिमल रॉय, १९५३, पुढच्या वर्षी कानच्या महोत्सवात पारितोषिक. बायकोने आधीच बजावलं होतं, की हा कलाकृतीचा मामला आहे, कुणी बोलायचं नाही. श्रेयनामावली संपायच्या आत मेहुण्याने मोबाइल काढला. बंगालचा बिघा म्हणजे चौदा हजार चारशे चौरस फूट. आपला गुंठा एक हजार एकोणनव्वदचा. दोन बिघे म्हणजे साधारण सव्वीस गुंठे. ‘‘एकर नाही भरत,’’ तो थोडा नाराजीने म्हणाला.

जमीनदाराला तिथे गिरणी काढायची आहे आणि शंभूचे दोन बिघे नेमके मध्ये येतात. शंभूच्या हिशेबाने कर्ज पासष्ट रुपयांचं, कागदावर निघतं दोनशे पस्तीस. तीन महिन्यांत भरले नाहीत तर जमीन लिलावात. ‘‘दोनशे पस्तीसात सव्वीस गुंठे!’’ मेहुण्याला घाम फुटला. अण्णांनी विचारलं, ‘‘पासष्ट भरल्याच्या पावत्या कुठायत?’’ निरुपा रॉय दिसली, आईने नोंद केली. शंभूच्या बापाचं काम करणारे नाना पळशीकर दिसले, त्यांचीही केली.

मग शंभू कलकत्त्याला जातो, हातरिक्षा ओढतो. बलराज सहानी त्या दृश्यात खरोखर ओढतो आहे, असं वाटत नाही, दिसतं. हळूहळू आमच्याकडचे आवाज बंद झाले. मेहुण्याने मोबाइल उपडा ठेवला. शेवटी शंभू गावी परततो तेव्हा त्याच्या शेतावर कुंपण पडलेलं असतं, आत बांधकाम चालू असतं. तो वाकून मूठभर माती उचलतो, आणि रखवालदार तीही टाकायला लावतो.

खोलीत कुणी काही बोललं नाही. काका टीव्हीकडेच बघत होते. १९८४च्या जानेवारीत जासईला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा काका विशीत होते. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय झाला. काकांच्या घरावरचा मजला त्यातला आहे.

‘‘साडेबारा टक्के तरी मागायला पायजे होते त्यानं,’’ काका म्हणाले.

मग त्यांनी पाणी मागितलं, आणि बायकोने त्या दिवशी कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही.

‘जैत रे जैत’ मात्र आमच्या घरचा सिनेमा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीला पार्श्वभूमी आहे कर्नाळ्याची, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या त्या अंगठ्यासारख्या सुळक्याची. जब्बार पटेलांचा १९७७चा चित्रपट. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरलेला ठाकर आणि त्याच्या मागे निघालेली बाई. थंडी होती, म्हणून काकांनी पोपटी लावली होती: मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भोवती भांबुर्ड्याचा पाला, खाली वर आग. मडकं फोडलं आणि आम्ही टीव्हीसमोर बसलो.

जे ऐकून आम्ही शांत बसू अशी अपेक्षा होती ते महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत होतं, आणि आम्ही बऱ्यापैकी शांत बसलो. पोपटीच्या शेंगा तोंडात असल्या की बोलणं अवघडच असतं. पण मेहुण्याच्या हातात शेंग तशीच राहिली. प्रत्येक डोंगर दिसला की तो आपल्या कर्नाळ्याच्या सुळक्याशी ताडून बघत होता. पुढे चिंधी मरणाच्या दारात असताना त्याने अगदी हळू विचारलं, ‘‘अण्णा, अभयारण्याच्या हद्दीपासून किती अंतरापर्यंत बांधकाम चालत नाही?’’

स्मिता पाटलांकडे बघत बसलेल्या बायकोने न वळता हात मागे करून त्याच्या पाठीत धपाटा घातला. ती त्याची मोठी बहीण आहे, हे अशा वेळी लक्षात येतं.

राहता राहिला ‘शोले’. तो शेवटी ठेवण्याचं कारण, त्यावर आमचा हक्क आहे. रामगढ कर्नाटकात रामनगरच्या खडकांत उभारलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुरुवातीची ती मालगाडी, घोड्यांवरून पाठलाग करणारे डाकू, कोळशाचं इंजिन, टपावरची मारामारी, हा सगळा प्रसंग पनवेलजवळ रेल्वेमार्गावर चित्रित झाला. त्याला सात आठवड्यांहून जास्त लागले. सात आठवडे अमिताभ, धर्मेंद्र आणि संजीव कुमार आमच्याकडे होते आणि आजवर आमच्या नगरपालिकेने किंवा महापालिकेने तिथे साधी पाटी लावलेली नाही. बॉम्बे टू गोवा आमच्याकडे थांबली नाही, आणि शोले थांबली तर आम्ही ओळख दाखवली नाही.

नेमकं कुठे, यावर भांडण होतं. अण्णा म्हणतात आपट्याकडे. काका म्हणतात उरणच्या अंगाला, कारण त्यांचा थोरला भाऊ बैल बांधावर सोडून शूटिंग बघायला गेला होता आणि संध्याकाळी त्याने मार खाल्ला होता. मार ही आमच्याकडची भक्कम साक्ष मानली जाते. मेहुण्याचा पक्ष असा, की जागा कुठलीही असो, पण घोडे ज्या पट्ट्यातून दौडतायत तो पट्टा पाहा. त्याने चित्र थांबवलं. डाकू, धूळ, मागे सपाट रान आणि रानात एक झोपडी नाही.

‘‘रेल्वेच्या हद्दीबाहेरचं आहे का?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘पूर्ण बाहेरचं.’’

दोघंही त्या स्तब्ध घोड्यांकडे बराच वेळ बघत होते. रमेश सिप्पींनी एवढ्या भक्तीने बघणारे प्रेक्षक कल्पिले नसतील.

पुढचा सिनेमा तुम्हाला माहीत आहे. २०२५च्या डिसेंबरात तो मूळ शेवटासह पुन्हा थिएटरांत लागला. त्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो बदलायला लावला होता. आमच्या टीव्हीवर लागला तो जुनाच, पोलिस ऐन वेळी पोचतात तो. मुलीचं म्हणणं, मूळ शेवट जास्त खरा. काकांचं म्हणणं, पोलिस वेळेवर पोचतात एवढं सोडून दोन्ही चालतील. अण्णांनी मात्र दोन्ही शेवट फेटाळले, कारण दोन्हींत मुख्य प्रश्नाला हात घातलेला नाही.

‘‘ठाकूरच्या मागे वारस कोण?’’

आम्ही सगळे गप्प. खरंच, पन्नास वर्षं हा देश जय मेला म्हणून रडतो आहे. ठाकूरच्या शेतीवाडीचं पुढे काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

अण्णा सावरून बसले. मुलं, नातू, सगळी गब्बरने मारली. राहिली ती विधवा सून, राधा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आधी मेलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातली वारस. म्हणजे ठाकूर मृत्युपत्र न करता गेला तर सगळी मिळकत राधेच्या नावे. ‘‘पण,’’ आणि त्यांनी बोट वर केलं, ‘‘शोले कधीचा? १९७५चा. तेव्हा कलम चोवीस होतं. सुनेने सासऱ्याच्या मृत्यूआधी पुनर्विवाह केला असेल, तर तिचा वारसा गेला. ते कलम २००५ साली रद्द झालं. आता बघा. ठाकूर राधेच्या वडिलांकडे जाऊन तिचं जयशी लग्न लावून द्यायचं ठरवतो. भला माणूस. पण ते लग्न झालं असतं तर राधेचं नाव सातबाऱ्यावर लागलं नसतं.’’

‘‘म्हणजे जय मेला ते—’’ मुलगी म्हणाली.

‘‘नोंदीच्या दृष्टीने सोयीचं झालं,’’ अण्णा म्हणाले.

अमिताभचा मृत्यू पाहून आजवर कित्येक लोक रडले असतील. सोयीचा झाला म्हणणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो माझा सासरा आहे. बायको म्हणाली, मग ठाकूरने मृत्युपत्र करायचं, त्यात काय. मेहुण्याने शंका काढली, सही कशी करणार? अंगठाही नाही. अण्णांना ही शंका अपेक्षितच होती. पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, दोन साक्षीदार आणि खाली शेरा. विषय संपला.

मेहुणा एव्हाना मोबाइलवर रामनगर शोधत होता. त्याच्या तोंडून बारीकशी शीळ आली. २०२५ साली त्या जिल्ह्याचं नावच बदललं आहे. आता त्याला बेंगळुरू दक्षिण म्हणतात.

‘‘बघा!’’ तो ओरडला. ‘‘हेच! पनवेलला तिसरी मुंबई म्हणतात ते काय वेगळं आहे? रामगढ म्हणून कोण फिरकलं असतं? बेंगळुरू दक्षिण म्हटलं की रेट वर! भावजी, त्या खडकांच्या पायथ्याशी सेकंड होमची स्कीम टाकली, ‘गब्बर व्ह्यू’—’’

‘‘नाही होणार,’’ मुलगी म्हणाली. तिने त्याच्या आधी शोधून ठेवलं होतं. ‘‘ते खडक अभयारण्यात आहेत. २०१२पासून. गिधाडांसाठी राखून ठेवलेत.’’

मेहुण्याचा चेहरा उतरला. अण्णांना बरं वाटलं. राखीव म्हटलं की त्यांना बरंच वाटतं.

‘‘गिधाडांसाठी राखीव ना?’’ रिमोट हातात घेत बायको म्हणाली. ‘‘मग एजंटांना कशाला अडवतील?’’